चुलीत गेलेली गवळण

कला महाविद्यालयात शिल्पकलेचं पहिलं काम मिळालं ते दिवाळीच्या तोंडावर. वीतभर उंचीची मातीची मूर्ती, बसलेलं माणूस, सुट्टीनंतर आणून दाखवायची. मी हौसेने सुट्टीआधीच एक करून सरांपुढे ठेवली. घागरीला टेकून बसलेली, टपोऱ्या डोळ्यांची, नाजूक मानेची. सरांनी ती सगळीकडून फिरवून पाहिली. "काम स्वच्छ आहे. पण ही बाई कोण? ही तर कुणाचीच कुणी नाही." वर्ग हसला. मला इतका राग आला की मी ती तिथेच दाबून परत मातीचा गोळा केला.

तोच गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून मी नगरहून पारनेरची एसटी धरली. कंडक्टरने पिशवी सरकवायला उचलली आणि विचारलं, "काय हाय गं यात, एवढं जड?"

"माती."

"गावाकडं माती न्हेतीस व्हय? तिकडची संपली का काय?"

अख्खी गाडी हसली. चला, वर्ग हसला होताच, आता तालुकाही हसला.

गावात मी वही घेऊन माणसं शोधत फिरले. पारावरच्या आजोबांना नुसतं बसा म्हटलं, तर म्हणाले, "थांब, टोपी बदलून येतो." डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायकांनी पदर सारखे केले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखून धरला. लग्नाच्या फोटोतसुद्धा माणसं इतकी ताठ बसत नाहीत. मी वही मिटली. मूर्तीशिवायच परत जायची वेळ येणार असं दिसत होतं.

आमच्याकडे वसुबारसेपासून रोज सकाळी अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. कुणी ताक घुसळणारी, कुणी दळणारी. डोळ्यांना बाजरीचे दाणे, डोक्यात झेंडूची पाकळी. दुसऱ्या दिवशी नव्या करायच्या, कालच्या पत्र्यावर वाळत टाकायच्या आणि दिवाळी सरता सरता अंघोळीच्या चुलीत घालायच्या. हे मी लहानपणापासून बघत होते, पण शेणात हात नको म्हणून लांबूनच.

त्या सकाळी मी चहा घेऊन उंबऱ्यावर फुगून बसले होते. आईने एक गवळण मांडली. एक हात कंबरेवर, मान पुढे काढलेली.

"आई, ही शेजारच्या काकूंसारखी दिसते."

आईने इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "तीच हाय. हळू बोल."

"काय?"

"आन् ही दळनारी तुझी आत्या. दळन कमी, उसासे जास्त. ही कोपऱ्यातली तुझी मोठी काकी, सगळ्यांचं ऐकती आन् झोपल्याचं सोंग घेती."

मी इतकी हसले की चहा ओढणीवर सांडला. खरंच त्याच होत्या! चेहरा म्हणावा तर दोन बाजरीचे दाणे, बाकी सगळं अंगठ्याच्या दाबात. कित्येक वर्षं आई अख्खी आळी शेणात मांडत होती, आणि त्याच बाया येऊन "लई झ्याक केल्यात गं गवळनी" म्हणून जात होत्या.

"आणि तू कुठली यातली?"

आईने शेणाचा पुढचा गोळा उचलला. "मी कशाला? करनारी मीच. मला कोन करनार?"

तिने सहज म्हटलं, पण मला वाईट वाटलं. दुपारी मी पिशवीतली माती काढली. चुलीच्या मातीत आई शेण कालवते, तडा जाऊ नये म्हणून. मीही नाक न मुरडता कालवलं. आई केली. जमिनीवर बसलेली, एक गुडघा वर, मान खाली, हातात छोटीशी गवळण. तिला अचानक दाखवायची म्हणून पत्र्यावर तिच्याच गवळणींच्या मागे वाळत ठेवली. इथेच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

भाऊबीजेला मामा पहाटेच आला. मी उठून पत्र्याकडे गेले तर पत्रा रिकामा, आणि खाली चूल धडधडत होती.

"आई! माझी मूर्ती!"

"कुठली मूर्ती?"

चिमट्याने राख उकरून मी ती बाहेर काढली. एका अंगाने काळी, एका अंगाने लाल झालेली, हातातली गवळण गळून गेलेली. मी भोकाड पसरलं. मामा आतून ओरडला, "पानी लई कडक झालंय, गार वत!"

आई ओशाळली. "अगं, अंधारात मला वाटलं माझीच हाय." मूर्ती निवल्यावर तिने पदराने राख पुसली, उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "ही तर मी हाय. गुडघा असाच वर घेऊन बसते मी."

माझं रडणं तिथेच थांबलं.

सुट्टी संपल्यावर सरांनी ती तशीच, भाजलेली, फिरवून पाहिली. "ही कोण?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "दिसतंय," आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

यंदाच्या दिवाळीत आईने ती अंगणात मधोमध ठेवली, हळदकुंकू लावलं, बाकीच्या भोवतीनं मांडल्या. शेजारच्या काकू आल्या, एक हात कंबरेवर, मान पुढे. "ही मधली कोन गं? वळखीची वाटती."

या वेळी आईने आवाज खाली केला नाही.

"मीच की," ती म्हणाली. "लेकीनं केलीय."