अक्कांनी वाढलेलं बिनतिखट वरण

लसीचा डोस खाली बेसवर झाला आणि आठवड्याभरात आमची तुकडी वर चौकीवर गेली. उंची चौदा हजार फूट. जानेवारी महिना. माणसं एकवीस. मी तेव्हा नायक होतो, म्हणजे दंडावर दोन फिती.

लसीनंतर सगळ्यांचेच दंड दुखले, दोघा-तिघांना ताप आला. माझं पोट बिघडलं. बाकीचे दोन दिवसांत ठणठणीत झाले, माझं पोट काही ताळ्यावर येईना. सकाळी तीनदा लॅट्रिन, दोन घास खाल्ले की मुरडा. तुम्हा सिव्हिलियन मंडळींना हसू येईल, पण उणे अठरात पँट सोडणं ही एक मोहीमच असते. हसा, मीही हसायचो.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, नर्सिंग असिस्टंट होता ना चौकीवर? होता. दहा पावलांवर होता. पण त्याला सांगितलं की सिक रिपोर्ट, मग खाली रवानगी, मग लो मेडिकल कॅटेगरी. माझं हवालदारीचं प्रमोशन तीन महिन्यांवर आलं होतं. मेडिकल बिघडलं की ते लटकलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. फौजेत हा मूर्खपणा मी एकट्याने केलेला नाही, पण माझा मला महाग पडला.

माहीत होतं फक्त विलासला. लान्स नायक विलास, पाचोऱ्याचा, माझा बडी, म्हणजे जोडीदार. मी जळगावच्या पिंप्राळ्याचा, त्यामुळे तो मला भाऊ म्हणायचा. माझ्या दोन पहाऱ्याच्या ड्युट्या त्याने गुपचूप काढल्या. वर चिडवायचा, "भाऊ, हवालदार झालात की पहिली पार्टी लॅट्रिनमध्येच द्या."

त्या दिवशी शेजारच्या चौकीपर्यंत लिंक पेट्रोल होतं, म्हणजे गस्त. सहा जण, एका दोरावर. दोरावर दुसरा नंबर माझा. सकाळी सहाला मी तिसऱ्यांदा आत बसलेलो. बाहेरून विलासचा आवाज आला, "भाऊ, तुम्ही रेडिओ सेटवर बसा. मी जातो."

बाहेर आलो तर सुभेदार साहेब उभे.

"नायक, तुम नहीं जा रहे?"

मी काही बोलायच्या आत विलास म्हणाला, "साब, इनका पाँव मुड़ गया है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बस, एवढंच केलं मी.

सहा चाळीसला पेट्रोल निघालं. मी रेडिओवर.

सात पंचवीस. "पेट्रोल फॉर पोस्ट. ऑल ओके. ओव्हर."

"पोस्ट फॉर पेट्रोल. रॉजर. ओव्हर."

सात एकेचाळीसला डोंगर गडगडला, हिमकडा सुटला. मी सेटवर ओरडत राहिलो, "पोस्ट फॉर पेट्रोल, रिपोर्ट, ओव्हर." उत्तर नाही. पाच जण जिवंत निघाले. दुसऱ्या नंबरचा माणूस अकरा दहाला सापडला. पायाचं ढोंग विसरून मीही खणत होतो. साहेबांनी ते पाहिलं, पण काही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी मला तिसरी फीत मिळाली. वर्षभरात हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आलो. पोट तसंच. कळण्याची भाकरी, शेवभाजी, सगळं बंद. कुणी विचारलं की मी खापर सुईवर फोडायचो: "लस घेतली तेव्हापासून." ते सोपं होतं हो. सुई काही उलटून बोलत नाही.

विलासच्या पहिल्या वर्षश्राद्धाला पाचोऱ्याला गेलो. त्याची आई, अक्का, शेतातून आलेल्या बायांना पाणी देत होत्या. मला बाजूला बसवून त्यांनी एकच विचारलं.

"त्या रोज पाळी कोनी व्हती, भाऊ?"

"विलासचीच," मी म्हणालो.

त्या उठल्या. पंगतीत सगळ्यांना वांग्याचं भरीत आणि पुऱ्या. माझ्या ताटात मऊ भात आणि बिनतिखट वरण. मला रागच आला. पिंप्राळ्याच्या माणसाला तिखट झेपत नाही की काय? पण पोटाला बरं वाटलं म्हणून गप्प जेवलो. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच.

यंदा धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले.

"लसीने पोट बिघडलं तर दोन-चार दिवस. चार वर्षं नाही. नंतर वर बर्फ वितळवून प्यायचात, पुढचे जंतू त्यातून गेले असतील. तेव्हाच का दाखवलं नाही?"

मी कागद गोळा करू लागलो.

"झोप लागते का?"

मी म्हटलं, गोळ्या लिहून द्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "जे सांगत नाही आहात, ते कुणाला तरी सांगा."

चौथ्या श्राद्धाला मी आदल्या दिवशी दुपारीच पाचोरा गाठलं. अक्का ओट्यावर वांगी भाजत होत्या. मी उभ्यानेच बोललो, रिपोर्ट देतात तसा. "अक्का, पाळी माझी होती. प्रमोशनसाठी मी आजार लपवला. माझ्या जागी विलास गेला. मी खोटं बोललो."

त्यांनी वांगं उलटलं.

"माले माहीत शे. तुनं पोट बिघडेल शे, तुन्या पाळ्या तोच करस, त्यानी माले फोनवर सांगेल व्हतं."

मला एकदम ते वरण आठवलं. तीन वर्षांचं.

"मग अक्का, तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"तू सांगशी म्हनीसन वाट दखी मी."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितली नाही. मी रडलो, तेही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी विलासच्या फोटोपुढे पहिलं ताट ठेवलं. भरीत, पुऱ्या, वर हिरवी मिरची, त्याला आवडायची तशी. मग अक्कांनी माझं ताट आणलं. मऊ भात आणि बिनतिखट वरण.