फिल्म होती की नव्हती

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेळीला पाला टाकत होते. फोन सुशीचा होता, माझ्या भावजयीचा. ती रडत होती, तरी मी विचारलं, "डॉक्टरनं सांगितलं का तुमीच ठरवलं?" कारण मागे एकदा असाच निरोप आला होता. मी चकलांब्याहून तलवाड्याला पोचले तर हा खाटेवर बसून चहात टोस्ट बुडवत होता. या वेळी मात्र खरं निघालं.

दामू माझा धाकटा भाऊ. तलवाड्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याला जाऊन महिना होऊन गेला, अजून लोक येतात आणि लई देवमाणूस होता म्हणतात. मी ऐकून घेते. माझं त्याच्याशी एका फोटोवरून भांडण होतं. ते मिटायच्या आत तो गेला, आणि हे त्यानं मुद्दाम केलं असंही मला कधीकधी वाटतं...

आमचं घर मेंढरांचं. दामू मात्र कळपामागे गेला नाही. बीडला एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहिला आणि येताना त्याचा जुना जर्मन कॅमेरा घेऊन आला. उभा डबा, पुढे एकावर एक दोन भिंगं. तो पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं. त्यामुळे फोटो काढताना दामूची मान खाली असायची. गावातल्या बायांना हे बरं वाटायचं, हा आपल्याकडे टक लावून बघत नाही म्हणून. आमच्या मायला काही बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "एक डोळा बघायला हाय म्हणतोस, तर दुसरा काय करतोय?" दामूनं सांगितलं, वरच्यातून मी बघतो, खालच्यातून फोटो निघतो. माय म्हणाली, "म्हंजे तू बघतोस एक आन् निघतं दुसरंच."

आणि एकदा तसंच झालं. त्या पहिल्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की हातानं गुंडी फिरवून फिल्म पुढे न्यावी लागायची. विसरलं तर त्याच जागेवर दुसरा फोटो बसायचा. ऊसतोडीला टोळी निघायच्या आधी मुकादमानं जोडप्यांचे फोटो काढून घेतले, शेवटी स्वतःचाही काढला. दामू गुंडी फिरवायची विसरला. फोटो धुऊन आला तर मुकादम आणि एका गड्याची बायको एकाच खुर्चीत! तो गडी कोयता घेऊनच स्टुडिओत आला. मायनं तो फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "नीट बघ की. दोघांच्या आरपार खुर्ची दिसती. तुझ्या बायकोच्या आरपार कधी काही दिसलंय का?" गडी हसला म्हणून निभावलं.

त्यानंतर दामूनं त्याच घराण्यातला पुढचा कॅमेरा मिळवला, आणि मग अजून पुढचा. तिन्ही शेजारी मांडून तो मला समजावत बसायचा. पहिल्याच्या तोंडावर चकचकीत नक्षीचा पत्रा होता आणि बुडाशी लाल काचेचं बारीक भोक. त्यातून फिल्मच्या कागदावरचा आकडा दिसायचा. दुसऱ्यात नक्षी जाऊन साधं काळं कातडं आलं, गुंडी फिरवल्याशिवाय बटण दबेना, आणि लाल काच गेली. आकडा बाजूच्या खिडकीत आपोआप फिरायला लागला. तिसऱ्यात भिंग मागे-पुढे करायची गुंडी उजवीकडून डावीकडे नेली. मी म्हटलं, "बरं चाललेलं बदललं कावून? काहीतरी लपवायचं आसंल." तो म्हणाला, "आक्का, उजवा हात बटणाला मोकळा राहावा म्हणून. जर्मन माणसाला तुझ्यावानी संशय न्हाई."

पण मला लाल काच गेल्याचं खटकलं होतं. कारण दामूची एक सवय मला ठाऊक होती. जत्रेत लोक कॅमेरा दिसला की अंगावर यायचे, आमचा काढ, आमचा काढ. फिल्म महाग. मग तो फिल्म न घालताच बटण दाबायचा. त्याला तो खाली फोटो म्हणायचा, खाली म्हणजे रिकामा. लोक खूश होऊन जायचे, नंतर विचारायलाही यायचे नाहीत. पहिल्या कॅमेऱ्यात मी लाल काचेतून बघून त्याची चोरी पकडायचे. आकडा दिसला नाही की समजायचं. दुसऱ्यात ती सोयच राहिली नाही. बाजूचा आकडा फिल्म असली तरी फिरतो, नसली तरी फिरतो.

मायनं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. म्हातारपणी एके दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, तलवाड्याच्या अंगणात स्वतःहून पाटावर बसली. नवं लुगडं नाही, काही नाही. दामूनं दुसऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. मी तिथंच होते. पुढे फोटो काही आला नाही. "फिल्म खराब निघाली," एवढंच दामू म्हणाला. पुन्हा बसायला माय तयार झाली नाही आणि मग गेलीच. तिचा एकही फोटो नाही. तेव्हापासून मी दामूला विचारत आले, "फिल्म होती का न्हाई?" तो म्हणायचा, "होती." मी म्हणायचे, "मग खराब कशानं झाली?" यावर तो उठून जायचा. उठून जाणारा माणूस खरं बोलत नसतो, असं माझं मत होतं.

दामूचे दिवस झाल्यावर सुशीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाली, "आक्का, आता सांगते. फिल्म होती. त्या दिवशी तुमी गेल्यावर हे हात धुवायला गेलते. मामींनी दाभण घालून कॅमेऱ्याचं बूड उघडलं. उजेड आत गेला, सगळं गेलं."

"मायनं? कावून?" सुशी सासूला मामीच म्हणायची.

"तुमीच म्हणालता की अंगणात, माय, हा तुझा खाली फोटो काढतोय. आत कायी हाय का, तेच बघत होत्या. मग मामींनी आमाला शपथ घातली. थोरलीला सांगू नका, लई बोलंल मला..."

म्हणजे दोष फिरून माझ्यावर आला. आणि साक्षीला कोण? दोघंही मेलेले. मी म्हटलं, "सुशे, दामूला सोडवायला रचतीस काय?" तिनं कपाटातून दुसरा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. मी उलटा केला. बुडाच्या कडीवर काळी चिकटपट्टी होती. मी ती नखानं सोलली. खाली कातड्यावर कडीपर्यंत एक खोल ओरखडा होता. गोणी शिवताना दाभण सुटला की पाटावर असाच ओरखडा उठतो. मायच्या पाटावर मी असे कितीतरी बघितलेत.

तरी म्हटलं, कडी उघडते का ते बघावं. मी ती फिरवायला लागले तशी सुशी ओरडली, "आक्का, आत फिल्म आसंल! शेवटी शेवटी हे त्याच्यातच कायतरी काढत होते!"

बाजूच्या खिडकीत आकडा होता. पण त्या आकड्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. मी हात काढून घेतला.

कॅमेरा आता माझ्याकडे चकलांब्याला आहे, फळीवर. आत काही आहे की दामूनं जाताजाता मलाही खाली फोटो दाखवला, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. दिवसातून एकदा तरी हात कडीपर्यंत जातो. मी तो परत घेते. भाचा म्हणतो, "आत्या, बीडात एक जण अंधाऱ्या खोलीत उघडून देतो, फिल्म आसली तर धुऊनही देतो." मी त्याला सांगितलंय, अंधारात तो माणूस काय करतो हे कुणी बघितलंय? उघडायचा तर माझ्यासमोर उघडायचा. दिवा नको. मी शेजारी बसेन, हात मांडीवर ठेवून.