नातवाचं पोट आणि सासऱ्यांची म्हैस

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय.

सकाळी माझा दोन वर्षांचा शिवू दाराआड पाय आवळून रडत होता. "शी नको, दुकतंय!" शेवटी झाली ती दगडासारखी, वर रक्ताची रेघ.

डॉक्टर म्हणाले, "दिवसभर दूधच पितोय, मग जेवणार कधी? दूध कमी करा. पाणी, भाजी, फळं द्या." शी मऊ होण्याचं औषधही दिलं.

घरी सांगितलं तर सासरे उसळले, "दारात म्हैस हाय आणि नातवाला पाणी पाजू व्हय? पैलवान करायचाय त्याला!" नवरा उठून धार काढायला गेला. संध्याकाळी शिवूच्या तोंडाला पुन्हा दुधाचा पेला.

मागं म्हशीचं शेण घट्ट झालं, तेव्हा ह्याच सासऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरचं ऐकून त्याच दिवशी चारा बदलला होता.

सांगा, माझं पोर म्हशीपेक्षाही खालचं हाय का?