आबांचं हिरवं ओके

'ओके' या शब्दावर मी अर्धा तास बोलू शकतो. लग्नाआधी ज्या ज्या मुलींनी मला नकार दिला, त्या सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

माझे वडील, म्हणजे आबा, हा शब्द बोलत नसत, मारत असत! चाकणच्या एका कंपनीत त्यांचा जन्म माल तपासण्यात गेला. तपासलेल्या नगावर हिरव्या मार्करनं ओके मारायचं, मगच तो पुढे जायचा. ही सवय घरीही आली. शेगडी, पाण्याची टाकी, आईचा पोळपाट, सगळं ओके! (माझ्या दप्तरावरही होतं. पोरं हसायची. आज ते दप्तर मिळालं तर मी छातीशी धरीन.)

कासारवाडीला आम्ही तिघं वैशालीला बघायला गेलो, तेव्हा आईनं जिन्यातच मला आणि आबांना दम भरला, "आता ह्ये स्थळ घालवू नगा. तू तोंड उघडायचं न्हाई, अन् तुमी मार्कर काढायचा न्हाई!"

पोहे आले. "काय शिकवता?" वैशालीच्या वडिलांनी विचारलं.

"इंग्रजी."

"ओके," वैशाली म्हणाली, आणि मी सुटलो!

"या शब्दाचं मूळ मोठं गमतीचं आहे बरं का! अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं थट्टेनं मुद्दाम चुकीची, 'ए.सी.'ऐवजी 'ओ.के.' अशी लिहिली. कुणी म्हणतं, तो तिथल्या आदिवासींच्या भाषेतला..."

आईनं माझा पाय दाबला. मी पाय मागे घेऊन तिसरी व्युत्पत्ती काढली.

इकडे कंटाळलेल्या आबांना टीपॉय डुगडुगताना दिसला. त्यांनी वाकून त्याच्या पायाखाली बसचं तिकीट घडी करून सारलं, टीपॉय हलवून पाहिला आणि समाधानानं वर ठसठशीत हिरवं ओके मारलं!

"अहो, परवाच आणलाय तो!" वैशालीची आई किंचाळली.

आबांचा चेहरा उतरला. "चुकलंच ताई. हाताची सवय हाय."

स्थळ गेलं, असं समजून आई पदर सावरत उठायलाच लागली. तेवढ्यात वैशालीनं विचारलं, "काका, आणि मुलगा तपासलाय का?"

आबा विचारात पडले. (खोटं ओके त्यांनी आयुष्यात मारलं नव्हतं!) "माल चांगला हाय, पोरी. आवाज लई करतो. रिवर्क लागंल."

सगळे खो खो हसले. सर्वांत जास्त वैशाली. चार दिवसांनी होकार आला.

आता आबा नाहीत. त्यांची फार आठवण येते. तो टीपॉय सासूबाईंनी आम्हालाच दिला. वैशाली रोज पुसते, पण हिरव्या अक्षरांवरून फडकं हळूच फिरवते.

आणि मी व्युत्पत्ती सुरू केली, की टीपॉयकडे बोट दाखवते, "बघ, कसा गप्प उभा असतो! उगाच नाही आबांनी त्याला ओके दिलं."