टाळीविना चपराक

ग्रीनॉकच्या गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकणारा डॉड लेनी घरी आला, की आधी टोपी खुंटीला जायची आणि मग हात कुणाच्या तरी गालाला. त्याची मधली मुलगी एफी नऊ वर्षांची असताना चुलीपुढे त्याची नक्कल करत होती. पोट पुढे, मान आत, आवाज घशाच्या तळातून: "हा चहा म्हणायचा? ह्यापेक्षा गोदीतलं पाणी बरं."

आई खळखळून हसली. डॉड दारातच उभा होता. आईला एक, एफीला दोन आणि बटाट्यांचं भांडं भिंतीवर. बटाटे भिंतीवरून ओघळत होते तरी एफीनं त्याच्या धापा टाकण्याचीही नक्कल करून दाखवली. मग तिसरी बसली. आई मात्र ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबून हसतच होती.

सोळाव्या वर्षी एफी ह्यूई स्ट्रँग या विनोदी नटाच्या जोडीला स्टेजवर उभी राहिली. दारुडा नवरा, कजाग बायको, आठ मिनिटांत बारा चपराका. ह्यूईनं पहिल्याच दिवशी धंद्यातली गोम सांगितली.

"माझा हात तुझ्या गालापासून वीतभर लांबून जाणार. आवाज तू काढायचास. छातीपाशी एक टाळी, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी. मान झटकायची ती तूच. मी नुसता हात हलवणारा गाढव."

"म्हणजे मार खाणारीनं सगळं करायचं?"

"सगळं. तिला हवा तेव्हा मार, नको तर नाही."

एफीला हे भलतंच आवडलं. घरी असली सोय नव्हती.

चार वर्षं बरी गेली. मग ह्यूई आधी खेळानंतर, मग खेळाआधी पिऊ लागला आणि पेझली गावच्या खेळात एका गुरुवारी वीतभर अंतर संपलं. एफीच्या टाळीआधीच तिचा डावा कान वाजला आणि वाजतच राहिला. प्रेक्षक नेहमीच्या दुप्पट हसले. ह्यूईला ते हसू दारूपेक्षा जास्त चढलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: 'कुमारी लेनी यांचे अश्रू इतके खरे वाटतात, की ही कला शिकवून येणारी नव्हे.'

एफीनं ते विंगेत मोठ्यानं वाचलं, त्या समीक्षकाच्या शेंबड्या आवाजात, स्वतःच्या नुकत्याच पडलेल्या दाताच्या फटीतून फुसफुसत. सगळे लोळले. ह्यूईसुद्धा.

असे अकरा महिने. डाव्या कानानं ऐकू येणं संपलं, उजवा दोघांचं काम करू लागला. शेवटी किल्मार्नकच्या प्रयोगात तिनं खेळातलं पुठ्ठ्याचं लाटणं ठेवून दिलं आणि टणक लाकडाचं खरं घेतलं. ह्यूईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो गुडघ्यांवर येऊन किंचाळत होता आणि वरच्या गॅलरीतून मागणी येत होती, "परत एकदा, एफी." तिनं वाकून प्रेक्षकांना अभिवादन केलं, कोट घातला आणि स्टेशन गाठलं.

त्यानंतर ती स्वतःच समीक्षक झाली. गावातल्या सायंदैनिकानं तिला घेतलं, कारण आधीचा समीक्षक पहिल्या अंकात झोपायचा. ती झोपायची नाही. तिनं लिहिलं, 'नायकाला तिसऱ्या अंकात भोसकतात. दुसऱ्या अंकात भोसकलं असतं तर आमची शेवटची ट्राम चुकली नसती.' त्या नायकानं चौकात तिच्या पोटात गुद्दा मारला. तिनं छत्रीनं त्याच्या भुवईला चार टाके घालायला लावले आणि पुढच्या शनिवारी छापलं: 'गुद्दा मात्र दमदार होता. हाच स्टेजवर का नाही?' खोटा मार आणि खरा मार यांतला फरक तिला डोळे मिटूनही कळायचा. टाळीचा आवाज पोकळ असतो, गालाचा ओला.

एकोणीसशे एकसष्टच्या डिसेंबरात गॅलाकर थिएटरात पोरांचं नाताळचं नाटक लागलं. शनिवार, दुपारचे दोन. या नाटकात प्रेक्षकांनी ओरडायचंच असतं. खलनायक आला की हूंऽऽ, नायिका दिसली की "मागे बघ, मागे". एफी तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसली होती. स्टेजवर रॅब टेनंट आणि आयल्सा क्रॉम्बी: आचारी आणि आचारीण, चपराकांचाच खेळ.

पहिली चपराक पोकळ. दुसरी पोकळ. तिसरीला आयल्साच्या दोन्ही हातांत परात होती.

आवाज मात्र आला. ओला.

पाचशे पोरं खदखदली. चौथी आली. आयल्साच्या ओठावरचा लाल रंग हनुवटीपर्यंत पसरला, तरी ती हसत तिचं वाक्य म्हणाली. एफी उठली. "थांबव रे. खरी मारतोयस तिला."

पोरांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. "मार आज्जी, मार त्याला," सगळं थिएटर ओरडायला लागलं. एफी शेहेचाळीस वर्षांची होती, आज्जी म्हटल्याचा राग तिनं रॅबसाठी राखून ठेवला आणि पायऱ्या चढून वर गेली.

"खाली उतर, थेरडे," रॅब ओठ न हलवता पुटपुटला. "नाही तर फेकीन."

"फेक की."

त्यानं तिच्या डाव्या कानाखाली वाजवली. त्या बाजूला बिघडायचं काही उरलं नव्हतं. एफीनं आयल्साच्या हातातली परात घेतली आणि काठ फिरवून त्याच्या नाकावर घातली. नाक मोडलं. दुसरा घाव कोपरावर, तिसरा गुडघ्यावर. रक्त आचाऱ्याच्या पांढऱ्या टोपीवर उडालं आणि त्या वर्षातलं सगळ्यात मोठं हसू थिएटरनं दिलं. मग पडदा पडला.

आत मॅनेजर पेटिग्रू घड्याळ बघत होता. "नाकात कापूस घाला त्याच्या. सातचा खेळ भरलाय. एफी, तू बाहेर हो, मी पोलीस बोलावलाय. आयल्सा, तोंड धू."

आयल्सा तोंड धुवायला लागली. एफी तिच्याजवळ गेली. "सातला जाऊ नकोस."

"आणि कुठं जाऊ?" आयल्सा फणकारली. "राहते मी त्याच्या आईकडे. कपडे तिथं, पेटी तिथं. तुम्ही लिहाल दोन ओळी आणि चहा प्याल. रात्री मार मला पडेल, मिस लेनी. परातीचा हिशेब माझ्याकडून घेईल तो."

हे खरंच होतं. 

रॅब आला. दोन्ही नाकपुड्यांत कापूस, आवाज बोका घुसमटावा तसा. "चल गं. तालीम करू, म्हणजे सातला घोळ नको." त्यानं केस मागे सारायला हात वर केला, एवढंच.

आयल्साचे दोन्ही हात छातीपाशी आले आणि टाळी वाजली. मानही झटकली गेली, आपोआप.

आयल्सा आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते भाड्याचे होते. मग तिनं खुर्चीवरून कोट उचलला. "मिस लेनी, तुमच्याकडे झोपायला जागा किती आहे?"

"एक सोफा. स्प्रिंग टोचते."

"टोचू दे."

रॅब दारात आडवा झाला. आयल्सानं त्याच्या मोडक्या नाकावरच कपाळ आपटलं, ग्रीनॉकात भांडण संपवतात तसं, आणि त्याला ओलांडून निघून गेली. सातचा खेळ झाला नाही.

एफीवर खटला चालला, नोकरी गेली. पोलीसशिपायानं कोर्टात शपथेवर सांगितलं, की परातीला पोचा आलाय. त्याआधी, नाटकानंतरच्याच सोमवारी रॅब एफीचं दार फोडायला आला तेव्हा जिन्यावरच्या चार घरांतल्या बायका कपडे वाळत घालायचे बांबू घेऊन बाहेर आल्या, आणि तो तीन मजले पायांनी कमी, पाठीनं जास्त उतरला.

फेब्रुवारीत एक खाटकाची बायको दोन पोरांना घेऊन आली, हात गळ्यात बांधलेला. "इथं एक परातवाली बाई राहते म्हणे?"

आयल्सानं तिला आत घेतलं. एफी खिमा ढवळत होती. तिनं मान न वळवताच विचारलं, "किती जण?"

"तिघं. आणि मागून नवरा येतोय, जिन्याखाली असेल."

"आयल्सा, बटाटे वाढव," एफी म्हणाली आणि पळी ठेवून जिन्याकडे निघाली.