पास्कोलिना सिस्टर जेवल्या नाहीत

सिस्टर पास्कोलिनांना टेमघरात येऊन आठ महिने झाले, तरी त्यांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. बाई मूळच्या वसईकडच्या, वय त्रेपन्न. त्यातली एकतीस वर्षं कॉन्व्हेंटच्या घंटेवर उठल्या, घंटेवर जेवल्या आणि घंटेवर गप्प बसल्या. आणि आता संस्थेला एकाएकी साक्षात्कार झाला, की सिस्टरांनी भिंती सोडून लोकांत राहायचं! झगा गेला, साडी आली, पत्र्याची भाड्याची खोली आली. सोबतीला सत्तावीस वर्षांची सिस्टर रेजिना, पंजाबी ड्रेस घालून सायकलवरून हिंडणारी. शेजारच्या कापडाच्या लूमचा खटखटाट थांबत नसे आणि पास्कोलिनाही थांबत नसत. झाडलेली खोली पुन्हा झाडत, प्रार्थना अर्ध्यावर टाकून खिडकीशी जात. आपण इथे नक्की कशाला आलो, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

धड चाललेलं काम एकच, बायकांचा शिवणवर्ग. तोही शेजारच्या मंदामुळे. मंदा दवाखान्यात आया होती. बौद्धवस्तीतल्या चौदा बायका तिनेच दारोदार फिरून जमवल्या होत्या. हा वर्ग नसता तर पास्कोलिना केव्हाच कॉन्व्हेंटात परतल्या असत्या.

बुद्धपौर्णिमेला मंदानं दोघींना जेवायला बोलावलं. रेजिनानं दोनदा खीर मागून घेतली. पास्कोलिनांनी ताट हलकेच बाजूला सारलं. "माझं झालंय जेवण," त्या म्हणाल्या. पाण्याचा पेलासुद्धा तसाच राहिला. बाहेरच्यांच्या घरी, बाहेरच्यांबरोबर जेवायचं नाही, हा कॉन्व्हेंटचा जुना नियम. कागदावर तो कधीच सैल झाला होता, पण त्यांचा हात काही पुढे होईना.

सोमवारी वर्गाला कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. नळावर मंदानं सरळ तोंड फिरवलं. पास्कोलिना दारात येऊन पुन्हा पुन्हा गल्लीत बघत होत्या. शेवटी रेजिनाच चिडून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नाहीत. त्यांनी काय समजायचं?"

पास्कोलिनांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा दरदरून घाम फुटला. मी? मी जात पाळते? तशाच, भर दुपारी, चप्पल न घालता त्या मंदाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मंदा, अगं, ते जातीचं नव्हतं गं. आमचा नियमच होता तसा. बाहेरच्या कुणाबरोबर जेवायचं नाही. सगळ्यांनाच सारखा."

मंदा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "म्हाईत हाय. माझी आय सिस्टर लोकांकडं भांडी घासायची. त्या दार लावून जेवायच्या, मंग ताटं बाहेर यायची. आय म्हनायची, नियम हाय त्यांचा."

"हो ना, तेच सांगतेय मी."

"नियम तर गावातल्या लोकांचा पन होता, सिस्टर."

एकतीस वर्षं पास्कोलिनांनी दर आठवड्याला पापकबुली दिली, प्रार्थनेत डुलकी लागली तीही सांगितली. हे दार लावून जेवणं मात्र कधी सांगितलं नव्हतं. उलट याचा त्यांना अभिमान होता. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. त्या उंबऱ्याच्या आत येऊन खालीच बसल्या.

"मला भूक लागलीय, मंदा."

मंदानं आता पाहिलं. "सकाळचं हाय. सुकट नि भाकर."

"दे."

मंदानं ताट आणून ठेवलं, पण बसली नाही. पहिला घास गिळेपर्यंत समोर उभी राहून बघत राहिली. वर्गाला येशील ना, हे पास्कोलिनांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी विचारलं नाही. भाकर संपवली, पेलाभर पाणी प्यायल्या आणि आणखी अर्धी भाकर मागितली.