चिंचेने घासलेली नाणी

आमचे शेजारी दामूकाका बोटीवर इंजिनिअर होते. स्वतंत्र झाल्यावर चिली देशाने पाडलेली सुरुवातीची तांब्याची नाणी ते चाळीस वर्षं जमवत आले. एका बाजूला चांदणी असलेली, काळपट तपकिरी, अशी अकरा नाणी.

महिनाभर इस्पितळात राहून काका घरी आले, तेव्हा मी तिथेच होतो. काकूंनी हौसेने नाण्यांची पेटी पुढे केली.

"चिंच-मीठ लावून घासलीत. बघा, कशी लखलखतायत."

काकांनी एक नाणं उचलून खिडकीपाशी धरलं. ते कोऱ्या भांड्यासारखं गुलाबी झालं होतं आणि चांदणीच्या कडा पुसट झाल्या होत्या. परक्या हातांच्या घामाने, हवेने चढवलेला तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता. नाण्याचं सगळं वय त्यातच होतं, आणि ते आता कुठूनही परत येणार नव्हतं. मायेने झालेल्या नुकसानीवर माणसाला धड रागावताही येत नाही.

"छान झालीत," काका म्हणाले.

"आता दर दिवाळीला घासत जाईन," काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली आणि पेटी त्यांच्याच हातात दिली.